कोरड्या घोंगडीचा खटला

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक फोटो आहे. माजलगावच्या एका मंगल कार्यालयाचं स्टेज, त्यावर आम्ही तिघं लेखक, डोक्याला फेटे, हातात प्लास्टिकचे सुरे, आणि समोर एक केक, ज्यातून लाल सिरप ओघळतंय. मी तोंड फाडून हसतोय. एरवी मी हसत नाही. बायको म्हणते, तुमच्या तोंडावर कायम 'साहेब जेवायला गेलेत' अशी पाटी असते. फोटोच्या उजव्या कडेला, शेवटच्या ओळीत, कूलरशेजारी एक बाई बसली आहे. सगळे टाळ्या वाजवतायत आणि तिचे हात मांडीवर आहेत. फोटो काढला तेव्हा आमच्यापैकी कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. आता मला त्या फोटोत तिच्याशिवाय दुसरं कुणी दिसत नाही.

त्या दिवशी आष्टीकडे एक आजारी माणूस भावाच्या दारात परत पाऊल ठेवायला मिळावं म्हणून वाट बघत होता. त्याचं येणं न येणं माझ्या हातात होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी फेटा तिरका तर झाला नाही ना, ते मोबाईलच्या काचेत बघत होतो.

मी रहस्यकथा लिहितो. म्हणजे लिहायचो. पोटापाण्यासाठी जिल्ह्यातल्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण पुढे जे येणार आहे त्यात दोष कचेरीचा नाही, माझा आहे. टोपणनावाने लिहायचो. साहेबाला कळलं तर बदली, आणि सासऱ्याला कळलं तर त्याहून वाईट, असा तो काळ होता. दिवाळी अंकांत चाळीसेक कथा आल्या असतील. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर माझं पुस्तक लटकायचं आणि मी त्याच्याखाली उभा राहून चहा प्यायचो. कुणी ओळखायचं नाही. तो माझा सगळ्यात आवडता चहा.

मग टाळेबंदीच्या दिवसांत माजलगावातल्या एका खतविक्रेत्याने जुन्या रहस्यकथांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. हा माणूस दुकानात युरियाच्या थप्पीला टेकून दिवसाला एक खून वाचतो. त्याने कुठून कुठून चौकशा करून मला शोधून काढलं. मला म्हणाला, "सर, तुमी हयात हाव हे आमाला म्हाईतच नव्हतं." त्याच्यामुळेच मला माझे दोन मित्र मिळाले. एक आष्टीचे निवृत्त गुरुजी, ज्यांच्या कथेत पहिल्या पानावर भूत आणि शेवटच्या पानावर त्या भुताचा पांढरा सदरा शिवणारा शिंपी सापडतो. दुसऱ्या केजच्या ताई. त्यांचं मेडिकल स्टोअर आहे आणि त्यांच्या प्रत्येक कथेत माणूस विषानेच मरतो. गुरुजी त्यांच्या हातचा चहा घेताना आधी मला प्यायला लावायचे. उतारवयात अशी दोस्ती होईल असं वाटलं नव्हतं. फोनवर आम्ही तासतास माणसं कशी मारावीत यावर भांडायचो, आणि बायको शेजारी भाजी निवडत कपाळाला हात लावायची.

दर वर्षी हिवाळ्यात ग्रुपचा मेळावा भरतो. त्या वर्षी शंभरावर माणसं आली होती. कंडक्टर, नर्स, सोनार, क्लासेस घेणारे, ब्यूटी पार्लरवाल्या दोघी मैत्रिणी. कारखाना चालू असल्यामुळे हवेत मळीचा वास होता. खतवाल्या शेठने दारात रांगोळी काढून घेतली होती, पालथ्या पडलेल्या माणसाची आकृती आणि शेजारी लाल ठिपके. कार्यालयात झाडलोट करणाऱ्या मावशींनी ती ओलांडायला साफ नकार दिला. "लग्नाच्या जागेत मढं काढता व्हय," म्हणत त्या मागच्या दाराने आल्या आणि दिवसभर आमच्याकडे रागाने बघत राहिल्या. आम्हाला त्याचंही हसू आलं. भाकरी, येसराची आमटी आणि जिलेबी असं जेवण होतं. ताईंनी वाढायला घेतलं तेव्हा अख्खी पंगत ताट मागे ओढून घेत ओरडली, "आधी तुमी खावा, ताई!"

या मेळाव्यात एक प्रथा आहे. वाचक दर वर्षी एका लेखकावर खटला भरतात. त्याची एखादी जुनी कथा आधी ग्रुपवर टाकतात, सगळे ती बारकाईने वाचून येतात आणि मग लेखकाला पिंजऱ्यात उभं करून तिच्यातली भोकं दाखवतात. न्यायाधीश एक निवृत्त फौजदार, अंगावर काळी शाल. पिंजरा म्हणजे लग्नाच्या स्टेजचा सोनेरी कठडा. आदल्या वर्षी ताई दोषी ठरल्या आणि त्यांनी शंभर जणांना लिंबू सरबत पाजलं, प्रत्येक ग्लासातला एक घोट आधी स्वतः घेऊन. या वर्षी पाळी माझी होती. कथा होती 'कोरडी घोंगडी'.

ही माझी सगळ्यात गाजलेली कथा. तिची गोष्ट अशी. धरणाचं पाणी मागे शेतात पसरतं, त्या फुगवट्याच्या काठाला एक मेंढपाळ बाई बुडून मरते. गाळात रुतलेलं कोकरू काढायला गेली असं सगळे म्हणतात. दीर तिला बाहेर काढतो आणि छाती पिटून रडतो. माझ्या गुप्तहेराची नजर काठावरच्या घोंगडीवर जाते. घोंगडी कोरडी, चार घड्या घातलेली. कोकरासाठी जीव तोडून पाण्यात धावणारी बाई घोंगडीची घडी घालत बसेल का? नाही. म्हणजे घडी घालणारा दुसराच कोणी आहे. शेवटी दीर पकडला जातो.

कथा मी रचली, पण घोंगडी मी रचली नव्हती. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एका अकस्मात मृत्यूचे कागद आले होते. पंचनाम्यात एक ओळ होती, 'काठावर काळी घोंगडी, कोरडी, चार घड्या केलेली मिळून आली.' प्रेत दिराने बाहेर काढले, मयतासोबत कोणी नव्हते, असंही होतं. ती ओळ वाचली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मी अर्धी कथा लिहिली. गावाचं नाव बदललं. बाकीचं कशाला बदलायचं, ते मेंढपाळ थोडेच दिवाळी अंक वाचणार आहेत, असा विचार केल्याचं मला स्पष्ट आठवतं. तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते.

खटला रंगला. फौजदारसाहेबांनी माझ्या गुप्तहेराकडे ओळखपत्र का नाही म्हणून झापलं. कंडक्टरने सिद्ध केलं की कथेत खुनी ज्या एसटीने पळतो ती गाडी त्या मार्गावर कधी धावतच नव्हती. प्रत्येक वाराला मी छातीवर हात ठेवून कोसळत होतो. गुरुजी माझे वकील. ते उठून म्हणाले, "आरोपी मूर्ख आहे, पण निर्दोष आहे." लोक खुर्च्या बडवायला लागले. इतकं सुख मला लेखनाने कधी दिलं नव्हतं.

मग कूलरशेजारच्या बाईने हात वर केला. पस्तिशीची असेल, आशा सेविकांच्या गुलाबी साडीत. तिच्याकडे माईक गेला.

"त्या दिरानं मारलं असं तुमी कावून लिवलं?"

मी फुशारलो. म्हणालो, आमच्या धंद्याचा नियम असतो, जो सगळ्यात जास्त रडतो त्याच्यावर नजर ठेवायची. टाळ्या पडल्या.

"ती पाय घसरून बुडली, असं लिवलं असतं तर?"

"मग कथा कोण वाचणार, बाई? रहस्यकथेत कुणी उगाच पाय घसरून पडत नसतं."

यावर सगळ्यात मोठा हशा झाला. तो हशा अजून माझ्या कानात आहे. घरात कुकरची शिट्टी झाली, बाहेर वरात गेली, कशाच्याही आडून तो येतो.

हशा संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "घोंगडीची घडी मी घातलती."

फौजदारसाहेबांनी लाकडी हातोडा आपटला. "साक्षीदार फुटला!" लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं, बाई छान अभिनय करतायत. मला आधी तिचा राग आला, खरं सांगतो. माझ्या रंगलेल्या खेळात ही कोण आली, असं वाटलं.

"मी सहा वर्साची हुते," ती माईकमध्ये बोलत राहिली. आवाज चढला नाही की उतरला नाही. "आईनं मला घोंगडीवर बसवलं. म्हनली, हितनं हलू नको, अन् घोंगडी भिजू देऊ नको. ती कोकराला गेली. मंग ती दिसंना. मी लई हाका मारल्या. पानी वर यायलंय असं वाटलं. घोंगडी भिजली तर आई रागवंल म्हनून मी घडी घातली. चार घड्या घातल्या, अन् ती मांडीवर घिऊन बसले. मंग नाना पळत आला, माजा चुलता. त्यानं उडी टाकली. तवर शेजारच्या काकूनं मला उचलून घरी नेलं. पोलीस आले तवा मी तितं नव्हते. मला कुनीच इचारलं न्हाई."

पुढच्या ओळी आधी गप्प झाल्या, मग मागच्या. कुणीतरी एकट्याने दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबला. फौजदारसाहेबांनी अंगावरची काळी शाल काढली आणि तिची घडी घालायला लागले. आजही कुणी कशाची घडी घालताना दिसलं की मी दुसरीकडे बघतो. बायको वाळलेले कपडे घेऊन बसली की मी गॅलरीत जातो.

नवरीची म्हणून जी खोली असते, तिथे ताई तिला घेऊन गेल्या. मागोमाग गुरुजींनी मला ढकलत नेलं. तिथे तिने उरलेलं सांगितलं. तिचे वडील आणि नाना, दोघे भाऊ एकाच ताटात जेवणारे. ती दिवाळी आली आणि वस्तीवर कुणीतरी माझी कथा मोठ्याने वाचून दाखवली. गावाचं नाव वेगळं होतं, पण घोंगडी त्यांचीच होती. वडिलांनी भावाला विचारलं नाही, मारलं नाही. फक्त मेंढरं वाटून दिली. नाना आपली मेंढरं घेऊन आष्टीकडे निघून गेला. कुणी त्याला पोरगी दिली नाही. तिच्या लग्नाला तो मांडवाबाहेर लांब रस्त्यावर उभा राहून अक्षता टाकून गेला. आता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत.

"एकदा दादाच्या दारात बसू द्या म्हनतो, दुसरं कायी न्हाई. मी आबाला, माज्या वडलाला, लई डाव सांगितलं, घडी मी घातली. आबा म्हनतेत, तू लहान हुतीस, तुला काय आटवतंय. छापल्यालं खोटं आसतंय का?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "हे लिवनारा मानूस कोन, ते आमाला म्हाईत नव्हतं. आमच्या आशांच्या ग्रुपवर ती कथा आली, खाली मेळाव्याचा पत्ता हुता. काका, तुमी लिवलं, आता तुमीच येऊन सांगा."

मनात पळवाटा सुरू झाल्या. बीपी वाढलंय म्हणावं, चिठ्ठी लिहून द्यावी, फोनवर सांगावं. खुनी कसा निसटेल याचा विचार करण्यात माझी हयात गेली आहे. गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ बे," ते एवढंच म्हणाले.

ताई म्हणाल्या, "फेटा काढा आधी."

शेठच्या गाडीने आम्ही तिघं आणि ती निघालो. दुपार उतरायला लागली होती. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि डावीकडे सगळा वेळ फुगवट्याचं पाणी. मी ते ठिकाण कधी पाहिलं नव्हतं. कथेत मी तिथे काळेभोर कडे आणि घोंगावणारा वारा घातला होता. प्रत्यक्षात तिथे सपाट काठ होता, बाभळी आणि चिखल. बदकं पोहत होती. ती म्हणाली, "हितंच," आणि शेठने गाडी हळू केली, पण कुणी थांबा म्हणालं नाही. काठावर मला सहा वर्षांची पोर मांडी घालून बसलेली दिसली. नसणार, हे मला कळत होतं, तरी दिसली. माझ्या पंचनाम्यातली 'सोबत कोणी नव्हते' ती हीच.

वडील घराबाहेर बाजेवर बसून लोकर निवडत होते. मुलीने "हे ते लिवनारे" म्हणून सांगितलं. मला वाटलं, माणूस अंगावर येईल. ते उठले, हात जोडले, बाज मोकळी करून दिली आणि म्हणाले, "या सायेब. लई दिसाची इच्छा हुती भेटायची."

त्यांना वाचता येत नव्हतं. पण कथा त्यांना पाठ होती. आत जाऊन त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली ती पानं आणली आणि न उघडता, डोळे मिटून, माझी वाक्यं म्हणायला लागले. माझी छापील वाक्यं, त्यांच्या तोंडून, विरामासकट. 'काळ्या कड्यावर वारा घोंगावत होता. तो पाठीमागून दबक्या पावलांनी आला.' इतकी माणसं मी मारली, पण मारताना माझा आवाज असा असतो हे मला माहीत नव्हतं.

मी मध्येच बोललो. हात जोडून सांगितलं, की हे सगळं मी टेबलावर बसून बनवलं. मी कधी या काठाला आलो नव्हतो. इथे कडाही नाही. तुमच्या भावाला मी ओळखत नव्हतो. मला कथेत खुनी हवा होता आणि तो जवळच होता, म्हणून घेतला. घडीचं तुमची मुलगी सांगते तेच खरं.

त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली आणि लोकर पुन्हा हातात घेतली.

"मंग तिला मारलं कोनी?"

"कुणीच नाही. पाय रुतला गाळात."

"कुनीच न्हाई," ते स्वतःशी म्हणाले. तीस वर्षं त्यांनी एक खून उराशी सांभाळला होता आणि मी तो काढून घेत होतो. त्याच्या जागी द्यायला माझ्याकडे चिखलाशिवाय काही नव्हतं.

मग त्यांनी पिशवीवरून हात फिरवला आणि अगदी हळू विचारलं, "पर हितं लिवलंय की तिनं शेवटची हाक मला मारली. माजं नाव घिऊन. ते तरी खरं आसंल."

ते वाक्य लिहिल्याचंही मला आठवत नव्हतं. शेवटाला जरा काळीज हलावं म्हणून टाकलं असेल. मी ताईंकडे पाहिलं. ताई मान खाली घालून पदराचं टोक पिळत होत्या. हो म्हणालो असतो तर म्हातारा सुखी झाला असता. पण एक ओळ खरी ठरली की सगळी खरी ठरतात, हे मला ठाऊक होतं, आणि आष्टीकडचा माणूस तिथेच राहिला असता. मुलगी माझ्या तोंडाकडे टक लावून होती.

"तेही मीच लिहिलं," मी म्हणालो.

ते रडले नाहीत. पिशवी बाजेवर ठेवली, लोकर टोपलीत टाकली, हात झटकले. मेंढरं कुंपणाशी ओरडत होती, त्यांच्याकडे बघत बसले. मग मुलीला म्हणाले, "लाव त्याला फोन."

फोन लागला. पलीकडून आधी खोकला आला, मग आवाज, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "बोल बाई." तिने फोन वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाला लावला आणि नुसता श्वास घेत राहिले. श्वासावरून ओळखलं असावं.

"दादा?" पलीकडचा आवाज म्हणाला. "दादा, तूच हायेस ना?"

"ती कायी बोलली व्हती का रं, शेवटाला?"

पलीकडे पुन्हा खोकल्याची उबळ आली.

"तीस वर्सं झाली, दादा," आवाज आला. "आज इचारायलास."

वडिलांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि आमच्याकडे पाठ करून बसले. आम्ही उठलो.